जाळ्यात आलं ते

खोक्यावर उरासेचा शिक्का होता, एवढंच झालं. सेंडाईतल्या त्या मोठ्या दुकानाच्या तळघरात, मासळी कापायच्या खोलीत, रोज सकाळी थर्माकोलची खोकी यायची आणि ती कुठल्या बंदरातून आली याकडे इवाओ ढुंकूनही बघत नसे. झाकण काढायचं, बर्फ सारायचा, कल्ल्यात बोटं घालून सामन मासा ओढायचा, पोट फाडायचं. तो मासा काय त्याचा सोयरा लागत होता गाव विचारायला? पण आज झाकणावर निळ्या शाईतलं ते वर्तुळ होतं, त्यात लाट आणि लाटेवर पक्षी, त्याच्या बापाच्या वेळेपासूनचं. त्सुनामीनंतर तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाला उरासेची मासळी पुन्हा शहरात आली होती. दुकानाच्या मॅनेजरनं सगळ्यांना गोळा करून टाळ्या वाजवायला लावल्या. मॅनेजर पोरसवदा, टाय लावून मासळीच्या खोलीत येणारा. "इवाओसान, तुमच्या गावची! पहिला मासा तुमच्या हातचा!" टाळ्या वाजल्या. इवाओनं सुरी घातली आणि ती अडली. काटाच असणार, दुसरं काय असायचंय? पण ती खरखर मनगटातून कोपरात आणि कोपरातून थेट दाढेत चढली, आणि त्याला वाटलं की आत्ता सुरी फिरवावी आणि त्या टायच्या गाठीखाली मुठीपर्यंत खुपसावी. कारण काहीच नव्हतं. पोरगा हसत होता, एवढंच.

असं त्याला हल्ली वरचेवर वाटायचं. शहरात आल्यापासून साठी उलटलेला हा माणूस आतून मारेकरी झाला होता आणि त्याची कुणाला गंधवार्ता नव्हती. बसच्या रांगेत पुढच्याची मान दिसली की ती कशी मोडेल याचा हिशेब त्याच्या अंगठ्यांत आपोआप सुरू व्हायचा. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू संध्याकाळी आंघोळीच्या टबाचं बूच काढायचा, आणि इवाओच्या खोलीच्या भिंतीतून ते पाणी घळघळत खाली यायचं. तेवढा वेळ तो ताटावरून उठून, पाठ भिंतीला लावून, आपली मूठ दातांत धरून उभा राहायचा. पाणी गेलं की पुन्हा बसून भात गिळायचा. एकदा बसमध्ये कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला आणि वर माफीही मागितली, तरी त्यानं त्याला दाराबाहेर ढकलला होता. माणूस गुडघ्यावर पडला. लोक इवाओकडे बघत राहिले, आणि त्याला शरम वाटायच्या आधी जे वाटलं ते बरं वाटणं होतं. त्सुनामीच्या दिवशी खोल समुद्रातून परत बंदरात शिरताना त्यानं बोटीच्या बांबूनं वाट काढली होती. छपरं, फ्रिज, टायर, आणि ज्यांच्याकडे त्यानं नीट बघितलं नाही ते सगळं बांबूच्या टोकानं बाजूला ढकलत तो पुढं गेला. वर डिझेल जळत होतं, पाण्यालाच आग लागली होती. ढकलल्यावर बांबूतून हाताला जे कळतं ते अजून तळव्यात होतं. लाकूड ढकललं की टणक लागतं. दुसरं काही ढकललं की ते आधी थोडं आत जातं आणि मग हलतं.

खोकी घेऊन येणारी गाडी हिसाओनं आणली होती. पूर्वी हा पोरगा उरासेला तोकुझो तांडेलाच्या बोटीवर खलाशी होता. इवाओनं कापलेल्या माशाची एक पातळ चकती झाकणावर घेतली आणि तो मागच्या आवारात गेला. वर्षाचा पहिला मासा आणणाऱ्याला पहिला घास द्यायचा, ही उरासेची जुनी रीत.

"दादा! तुम्ही? ओळखलंच नाही. शहरानं उजळवलं की हो तुम्हाला."

"उजळवलं नाही, उकडलं. घे, तोंड उघड. घरचीच आहे."

हिसाओ एक पाऊल मागं सरकला. "नको दादा."

"का रे, बुवा झालास की काय? मुंडण कधी?"

"उरासेचा मासा मी खात नाही."

"वाहून आणायला चालतो तो?"

"पोट आहे ना मागं. वाहतो." हिसाओनं गाडीच्या टायरला उगाच लाथ मारली. "राहू द्या ना दादा. तुमच्यापुढं नको."

माणूस 'तुमच्यापुढं नको' म्हणतो तेव्हा अर्धं सांगून मोकळा झालेला असतो, आणि उरलेलं अर्धं काढायला इवाओला फार कष्ट पडले नाहीत. त्यानं हिसाओची कॉलर धरली, एवढंच. गेल्या हिवाळ्याची सुरुवात. खाडीच्या तोंडाजवळचं मोठं जाळं वर घेत होते. सामन उसळत होते, सगळे खुशीत. आणि जाळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी आलं. "काहीतरी म्हणजे?" म्हणजे काय विचारता दादा, कपडे होते, आणि कपड्यांत होतं. तांडेलानं सगळ्यांना मागं पिटाळलं. एकटाच वाकला, बराच वेळ वाकून होता. मग पाण्यात पडल्याचा आवाज आला. तांडेल वळला आणि म्हणाला, ओंडका होता. कुणी ब्र काढला नाही. सगळे मासळी भरू लागले.

"बाई होती?"

"दादा, मला दिसलं नाही."

"बाई होती का, विचारतोय."

"आईशपथ दिसलं नाही! मी दुसऱ्या दिवशी बोट सोडली. आता सोडा की गळा."

इवाओनं गळा सोडला. चकती जमिनीवर पडली होती. तो खोलीत परत गेला, सुरी धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, पट्ट्यात खोचली, वरून जाकीट घातलं आणि समोरच्या दारानं, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून, रबरी बुटांसकट बाहेर पडला. मागून मॅनेजर ओरडत होता. त्याचं नशीब थोर की इवाओनं मागं वळून बघितलं नाही.

किनाऱ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये तो अगदी मागच्या बाकावर बसला. अंगाला मासळीचा वास होता, पुढची बाई उठून लांब गेली. परत टाकलं. हे दोन शब्द त्याच्या डोक्यात बसत नव्हते. उरासेच्या नाखव्यानं पाण्यातलं मेलेलं माणूस परत टाकलं! चोऱ्या केल्या असत्या, एकमेकांची जाळी फाडली असती, बायकांना मारलं असतं, सगळं उरासेत झालं होतं आणि पचलंही होतं. पण हे कधी झालं नव्हतं. समुद्रात बुडालेलं माणूस दिसलं की उरासेत त्याला मढं म्हणत नाहीत, एबिसु म्हणतात. एबिसु म्हणजे मासळी देणारा देव. त्याला ओलांडून पुढं जायचं नाही. बोटीच्या डाव्या अंगानं वर घ्यायचा. घेण्याआधी एकानं वाकून विचारायचं, "मासळी देशील ना? देणार असलास तर घेतो." आणि दुसऱ्यानं त्या बुडालेल्याच्या वतीनं उत्तर द्यायचं, "देतो, देतो." मग वर घ्यायचा, कोरं कापड घालायचं, घरी आणून घरच्या माणसासारखा पुरायचा. इवाओच्या बापानं असा एक आणला होता. कुठल्या परदेशी जहाजावरचा, दाढीवाला, दातांत सोनं असलेला. बापानं त्याला आपल्या आजोबांच्या शेजारी जागा दिली. लहानपणी सणाच्या दिवशी इवाओ सगळ्या थडग्यांवर दारू शिंपडायचा तशी त्याच्याही शिंपडायचा, आणि आई म्हणायची, "त्याला थोडी जास्त घाल रे, लांबून आलाय बिचारा." ज्या गावानं परक्या सोनेरी दाताला आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसवलं, त्या गावच्या तांडेलानं आपल्यातलंच माणूस, ओंडका म्हणून, परत पाण्यात सोडलं. का सोडलं तेही इवाओला उघड दिसत होतं. हाडं सापडली म्हणजे पोलीस आले, चौकशी आली, जाळं दिवसच्या दिवस उचलून ठेवणं आलं, आणि ते शहरात कळलं म्हणजे संपलंच. उरासेची मासळी मेलेल्यांवर पोसलीय, असं शहरातल्या बायका आधीच एकमेकींच्या कानात सांगत होत्या. त्यानं स्वतः ऐकलं होतं, काउंटरच्या मागं उभं राहून. निळा शिक्का वाचला पाहिजे म्हणून तोकुझोनं फुसाएला टाकली.

फुसाए. बसनं वळण घेतलं आणि डाव्या हाताला समुद्र आला, निळा, गरीब, जसं काही यानं आयुष्यात कधी कुणाचं काही केलंच नाही. इवाओनं पडदा ओढला. त्या दिवशी जमीन हलायची थांबली तेव्हा तो धक्क्यावर होता. उरासेत धरणीकंप झाला की नाखवा बोट खोल पाण्यात काढतो, हे रक्तातच असतं. लाट किनाऱ्याशी येते तेव्हा तिची भिंत होते. लांब खोल पाण्यात ती नुसती पाठ उचलते, बोट चढते आणि पलीकडे उतरते. बोट वाचली तर पुढं घर उभं राहील. म्हणून पुरुष समुद्राकडे पळतात आणि बायका डोंगराकडे. मात्र पळायच्या आधी बायकोनं धक्क्यावरचा दोर सोडून द्यायचा असतो. फुसाए मासळीच्या छपरातून पिवळा रबरी कोट अंगात तसाच ठेवून धावत आली. दोर ओला, गाठ आवळलेली. तिनं ती दातांनी सैल केली. "जा की! बघताय काय माझ्या तोंडाकडे, पहिल्यांदा बघितल्यासारखं!" बायको अशीच होती, प्रेमानं बोलली तर आजारी आहे असं समजावं. दोर पाण्यात पडला, बोट सुटली, त्यानं ओरडून सांगितलं, "पळ आता, वर!" आणि तिनं हात केला आणि ती वळली. पण डोंगराकडे वळली नाही. शेजारच्या खांबाकडे गेली. तिथं तोकुझो आपल्या बोटीत उभा राहून शिव्या घालत होता, कारण त्याचा दोर सोडायला कुणी नव्हतं. त्याची बायको घरी नातीजवळ. फुसाएनं त्याचाही दोर सोडला. वाकलेली पिवळी पाठ, हे इवाओनं शेवटचं बघितलं. पुढं ती कुठल्या गल्लीनं पळाली, पळाली की नाही, कुणीच बघितलं नव्हतं. छावण्यांत, शाळांच्या व्यायामशाळांत ओळीनं झाकून ठेवलेले सगळे चेहरे आणि चेहरे नसलेले सगळे त्यानं एकेक करून बघितले. प्रत्येक वेळी कापड उचलताना तो म्हणायचा, ही असू दे. नसली की पुढचं कापड उचलायचा. असं आपल्या बायकोचं मढं मागत तो महिनोन् महिने हिंडला. शेवटी त्यानं बोट विकली आणि जिथून समुद्र दिसत नाही अशी खोली सेंडाईत घेतली. आणि ती त्या सगळ्या वेळात खाडीच्या तोंडाशी होती. वर आली होती. जाळ्यात बसून घरी यायला निघाली होती, आणि ज्याचा दोर तिनं सोडला त्यानंच तिला परत ढकलली. पट्ट्यातली सुरी बसच्या प्रत्येक गचक्याला बरगडीला लागत होती. लागू दे म्हणाला. लाटेला काय कळतं? पण माणसापासून त्याचं माणूस लपवून ठेवणारा लाटेपेक्षा नीच. हे वाक्य तो मनात घासत राहिला, धार येईपर्यंत.

उरासेत तो उतरला तेव्हा दुपार होती आणि भरती लागली होती. जमीन खचल्यापासून भरतीचं पाणी धक्क्यावर चढायचं आणि माणसं घोट्याएवढ्या समुद्रातून चालत कामाला जायची. जिथं गाव होतं तिथं गवत होतं. आपलं घर कुठं होतं ते बघायला इवाओ थांबला नाही. धक्क्याच्या टोकाशी पत्र्याची एक शेड, आत पालथ्या खोक्यावर बसून तोकुझो जाळं विणत होता. म्हातारा झाला होता. मान बारीक झाली होती. इवाओच्या अंगठ्यांनी ती लगेच मोजली.

"कोण? इवाओ का? आलास होय! ये. तुझ्या शहरात पोचली का रे आमची मासळी?"

"पोचली."

"मग चव कशी आहे?"

"तुला माहीत. तूच खाऊ घालतोस त्या माशांना."

तोकुझोच्या हातातली विणायची सुई थांबली. त्यानं वर बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. हे येणारच होतं, उशिरा आलं, असं काहीतरी होतं. तेवढं पुरलं. इवाओनं पहिला ठोसा नाकावर दिला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या काटकीसारखा आला आणि त्या आवाजानं त्याला इतकं बरं वाटलं की तो हुंकारला. दुसरा कानावर. तिसऱ्यानं म्हातारा खोक्यावरून उलटा पडला, पाय जाळ्यात अडकले, आणि इवाओनं त्याला कमरेत लाथ घातली, मग पोटात, मग हातावर, बुटाच्या टाचेनं, ज्या हातानं टाकलं असेल त्या उजव्या हातावर. बोटं कुरकुरली. तोकुझो ओरडत नव्हता. तो मार चुकवतसुद्धा नव्हता आणि त्यामुळं इवाओची तिडीक आणखीच वाढत होती. माणसानं निदान हात तरी आडवा घालावा! त्यानं त्याला कॉलरला धरून जाळ्यासकट फरफटत शेडबाहेर, धक्क्यावरच्या पाण्यात नेलं आणि त्याचं तोंड त्या घोटाभर पाण्यात दाबलं. बुडबुडे आले. रक्त आलं. इवाओ मोठमोठ्यानं बोलत होता, काय बोलतोय ते त्याला स्वतःलाच मागाहून ऐकू येत होतं. "तिनं सोडला होता तुझा दोर! तिनं! पळायचं सोडून!" केस धरून वर उचललं. "बोल!"

तोकुझो खोकला, पाणी आणि दात थुंकला. तेवढ्यात इवाओच्या पट्ट्यातून वर्तमानपत्राची गुंडाळी घसरून पाण्यात पडली, कागद सुटला, आणि दिवसाउजेडी ते जाड पातं दोघांच्या मध्ये चमकत पडलं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. मग तोकुझोनं चांगला राहिलेला हात लांब केला, सुरी उचलली, आणि मूठ इवाओकडे करून पुढं धरली.

"तुझं पडलंय हे."

इवाओनं ती घेतली. आता घेतल्यावर काय करायचं ते त्याला कळेना.

"फुसाए नव्हती ती," तोकुझो म्हणाला. नाकातून येणाऱ्या रक्तामुळं शब्द गढूळ येत होते. "ती असती तर मी डोक्यावर घेऊन आणली असती. सेंडाईपर्यंत चालत. माझा दोर सोडलाय तिनं, मला काय ठाऊक नाही?"

"मग कोण होतं?"

"लहान होतं."

भरतीचं पाणी शेडच्या पत्र्याला चुबुक चुबुक लागत होतं.

"पायात बूट होता. रबरी, तांबडा. एकच. आत नाव घातलेलं, बालवाडीत घालतात तसं. माझ्याच लेकीचं अक्षर ओळखू येणार नाही का मला? मिनोरी."

मिनोरी म्हणजे तोकुझोची नात, त्याच्या लेकीची, चिनामीची पोर. आजी सापडली होती, मिनोरी सापडली नव्हती. हे ऐकलं आणि इवाओच्या आत काहीतरी आनंदानं टुणकन उडी मारून उठलं. फुसाए नव्हती! तिला कुणी परत टाकलं नव्हतं. तो एक क्षण त्याचं सगळं अंग हलकं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी तो आनंद कशावर पाय देऊन उभा आहे ते त्याला दिसलं आणि त्याला उलटी आली. तो तिथंच, पाण्यात, वाकून ओकला. तोकुझो बसल्या जागी रक्त पुसत होता, पुसून पुसून पसरवत होता.

"तू तुझ्या नातीला टाकलंस."

"टाकलं."

"माणूस आहेस का तू?"

"ते मलाही विचारायचं असतं, पण विचारू कुणाला?" तोकुझो हसल्यासारखा झाला. "लाट आली त्या तारखेला, दर महिन्याच्या अकराला, चिनामी फावडं घेऊन वाळू उपसते. पोलीस येतात, शोधतात, संध्याकाळी जातात. ही अंधार पडेपर्यंत उपसते. बाकीचे दिवस त्या एका दिवसासाठी जेवते. पहिल्या वर्षी एकदा तिला डोंगराच्या कड्यावरून ओढून आणली होती मी, केसांना धरून. तेव्हा म्हणाली, 'सोडा बाबा, नाही जात. ती सापडेपर्यंत मी आहे.' सापडेपर्यंत. ऐकलंस ना? आणि ही जाळ्यात आली माझ्या. सांग आता. एबिसु म्हणून वर घेऊ? विचारू तिला, मासळी देशील का म्हणून? एक राहिलीय माझी, इवाओ. मेलेली देऊन जिवंत ठेवली."

सकाळपासून ज्याला धार लावली होती ते वाक्य इवाओ शोधत होता. आणि ते हाती लागायच्या आत त्याच्या पाठीत काहीतरी इतक्या जोरात बसलं की तो गुडघ्यावर आला.

चिनामी होती. मासळीच्या छपरातून बापाचा डबा घेऊन आली होती. डबा पाण्यात तरंगत होता आणि तिच्या हातात जाळं ओढायचा आकडीचा दांडा होता. तिनं दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा डोक्यावर. "म्हातारा आहे तो! म्हाताऱ्याला मारता! लाज नाही वाटत?" इवाओचा कान फुटला, गरम काहीतरी मानेवरून आत शिरलं. त्यानं सुरी लांब फेकून दिली, तिला दिसावं म्हणून, आणि हात खाली ठेवले. तिनं तरीही मारला. बारीक चणीची बाई, पण तीन वर्षं वाळू उपसलेले हात होते ते. मग तिनं चेहरा बघितला आणि दांडा वरच राहिला.

"इवाओकाका?"

"हो गं."

"का मारलंत बाबांना?"

"जाळ्यावरून," तोकुझो घाईनं म्हणाला. "जुनं भांडण आमचं. दोघंही गाढवं. तू जा, तुझी सुट्टी संपेल."

चिनामीनं बापाकडे बघितलंच नाही. ती इवाओकडे बघत होती. "काका, मी तुम्हाला विचारतेय."

जाळ्यावरून, एवढंच म्हणायचं होतं. तोकुझो सुजल्या डोळ्यानं त्याला विनवत होता, हे इवाओला न बघता कळत होतं. म्हणून टाकावं. बाई रक्त पुसेल, चहा करील, अकरा तारखेला वाळू उपसेल, जिवंत राहील. आणि आपण सेंडाईला जाऊन भिंतीतलं पाणी ऐकत राहू. पण आज सकाळी, 'तुमच्यापुढं नको' म्हणणाऱ्या पोराचा त्यानं गळा धरला होता. कारण लपवलेलं माणूस आपलं असेल तर ते कसं लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? व्यायामशाळेत एकेक कापड उचलताना तो जे मागत होता तेच ही मागत होती, आणि ते आता त्याच्या तोंडात होतं. दिलं तर ही कड्यावर जाईल. नाही दिलं तर ती आयुष्यभर रिकामी वाळू उपसेल आणि ते रिकामं आहे हे त्याला ठाऊक असेल. त्याला तोकुझोचा इतका राग आला, इतका राग आला की आणखी दोन लाथा घालाव्याशा वाटल्या. यानं का सांगितलं मला! मार खाऊन मेला असता तर काय बिघडलं असतं!

"मिनोरी जाळ्यात आली होती," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात. बापानं तुझ्या परत पाण्यात सोडली."

तोकुझोच्या तोंडून जो आवाज निघाला तो इतका मार खाऊनही निघाला नव्हता.

चिनामीनं दांडा खाली ठेवला. पाण्यात तरंगणारा डबा तिनं उचलला, झाकण घट्ट केलं, शेडमधल्या खोक्यावर नेऊन ठेवला. मग ती बापासमोर उकिडवी बसली.

"कशावरून ओळखलंत?"

"बूट," तोकुझो म्हणाला.

"डावा का उजवा?"

त्याला आठवावं लागलं नाही. "डावा."

"हां." तिनं मान हलवली. "उजवा माझ्याकडे आहे."

दोघे म्हातारे तिच्याकडे बघत राहिले.

"त्या हिवाळ्याच्याही आदल्या पावसाळ्यात वाळूत सापडला. तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवलाय. तुम्ही कुठं कधी तांदूळ काढता."

"आणि मला बोलली नाहीस?" तोकुझो ओरडला. "मला! दर महिन्याला फावडं घेऊन कशाला मग..."

"तुम्ही बघत असता ना खिडकीतून. मी गेले नसते तर कळलं असतं तुम्हाला. सकाळी कशासाठी उठत होता बाबा तुम्ही? जाळ्यात येईल ती, म्हणून. नाही आली की समुद्राला शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं. ते काढून घेतलं असतं तर राहिला असता तुम्ही?"

ती उठली आणि तिनं बापाच्या थोबाडीत मारली. मोडलेल्या नाकाच्या बाजूनंच, हात मागं नेऊन, पुरत्या ताकदीनं. म्हातारा कोलमडला. लगेच तिनं त्याला काखेत धरून उभा केला, स्वतःच्या बाहीनं त्याचं नाक पुसलं, पुसताना तो विव्हळला तर म्हणाली, "गप बसा. माझी पोर थंड पाण्यात परत टाकली तुम्ही. विव्हळू नका." आणि तेव्हा ती रडायला लागली, उभ्या उभ्या, त्याला धरून, तोंड उघडं टाकून. तो आवाज धक्क्यावरून पार छपरापर्यंत गेला असावा, कारण तिथल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. जवळ कुणी आलं नाही. इवाओचा कान ठणकत होता. इतक्या वर्षांत आपण असं एकदाही रडलो नाही हे त्याला ते ऐकताना कळलं, आणि त्याला तिचा हेवा वाटला.

रडणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले नाहीत. "चला," ती बापाला म्हणाली. "जागा दाखवा."

"पोरी, वर्ष झालं. प्रवाह आहे तिथं. काय राहणार..."

"जागा दाखवा म्हटलं ना."

तोकुझोचा उजवा हात सुजून पावासारखा झाला होता. त्याला किल्ली फिरवता येईना. इवाओ काही न विचारता बोटीत चढला. बोट विकल्यापासून त्याचा पाय बोटीला लागला नव्हता. तळव्याखाली फळी हलली, तरी हातांनी आपलं काम बरोबर केलं; इंजिन सुरू झालं. चिनामीनं बापाला आत बसवलं, गुडघ्यावर ताडपत्री टाकली, स्वतः जीवरक्षक जाकीट घातलं आणि एक इवाओच्या अंगावर फेकलं. "घाला." त्यानं घातलं. तोकुझो डाव्या हातानं दिशा दाखवत होता. बंदराचं तोंड आलं, लाटा लांब झाल्या, थंडी कानाच्या जखमेत शिरली. चिनामी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसली होती, आकडीचा दांडा आडवा मांडीवर घेऊन, पाण्यावरची नजर न काढता.

"काका," ती मागं न बघता म्हणाली, "काकू दिसल्या तर त्यांनाही घेऊ."